म्बाबानेच्या टेकडीवरील आप्तांचे आभार

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाला उत्तर म्हणून शेजारच्या इस्वातिनी (पूर्वीचा स्वाझीलंड) या देशात, म्बाबानेलगतच्या टेकडीवर १९६३ साली सुरू झालेल्या वॉटरफर्ड कम्हलाबा या निवासी शाळेत आमच्या मुलीची इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अकरावी-बारावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची दोन वर्षे नुकतीच पूर्ण झाली.

जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ती तापाने फणफणली असताना रात्रभर उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवणाऱ्या वसतिगृहातील मावशी आणि शाकाहारी लेकीसाठी लिफालिशी (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) व घेवड्याची उसळ न चुकता बाजूला काढून ठेवणारे स्वयंपाकघरातील काका यांची नावे, त्यांना विचारलेले नसल्याने, येथे लिहीत नाही. भाषा जुळत नसतानाही फोनवरचा मावशींचा शांत आवाज ऐकून माझ्या पत्नीला धीर आला होता. आपणा दोघांचे अंतःकरणपूर्वक आभार. आपल्याच सिस्वाती भाषेत, सियाबोंगा.