विनोद लिहिणाऱ्याला करारही वाचता यावा

महोदय,

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी लेखकाविषयी लिहिताना तो एकांकिकांमधून पुढे कसा आला आणि त्याला एवढं सुचतं कसं, या दोनच गोष्टींभोवती लेखणी फिरते. सुचणं हा या धंद्याचा निम्मा भाग. उरलेला निम्मा घड्याळाचा आणि कागदाचा आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटसाठी लिहू पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या मुलामुलींना तो निम्मा सहसा कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या नॉर्मन लिअर (१९२२–२०२३) यांचं उदाहरण घ्या. सुरुवातीची वर्षं ते एड सिमन्स या सहलेखकाबरोबर डीन मार्टिन आणि जेरी लुईस या जोडीसाठी प्रहसनं लिहीत. नाव झालं ते १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेमुळे. मूळ मालिका ब्रिटिश, जॉनी स्पाइट यांची. लिअर यांनी तिचे अमेरिकेपुरते हक्क स्वतः मिळवले. एबीसी या वाहिनीने दोन पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, करून घेतले आणि दोन्ही नाकारले. मग सीबीएसने मालिका घेतली. हक्क पहिल्या वाहिनीकडेच अडकले असते, तर मालिका नकारासोबत कपाटात गेली असती. लिअर यांच्या विनोदाचं कौतुक करणारे हा कागदाचा भाग गाळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ही मालिका नऊ हंगाम चालली आणि तिचे दोनशेहून थोडे जास्त भाग झाले. आठवड्याला सहा भागांची आपली दैनंदिन मालिका तो आकडा आठ महिन्यांत गाठते. तिकडे आठवडाभर तालीम होई, मग एकाच दिवशी दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर तोच भाग दोनदा टेप होई आणि संकलनात दोन्हींतलं चांगलं ते उचललं जाई. आपल्याकडे रात्री पोहोचलेले संवाद सकाळी मेकअपच्या खुर्चीत पाठ होतात. विनोद पडला की खापर मात्र लेखकाच्या डोक्यावर.

सेटवर नेमकं बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. समजा, लेखकाने जेवणाच्या टेबलाभोवती आठ माणसं बसवली. आधी मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसणारा शॉट, लागतो, मग प्रत्येकाचा क्लोज, म्हणजे चेहरा जवळून. प्रत्येक क्लोजला कॅमेरा आणि लाइट हलणार. पंधरा मिनिटं धरली तरी दोन तास गेले. दिवसाचे सीन पुरे करायचे असतात, त्यातून घोडबंदर रोडवर गायमुखला वाहतूक कोंडी असली तर युनिटच उशिरा आलेलं असतं. मग दिग्दर्शक क्लोज उडवतो. पंच, म्हणजे हशाचं वाक्य, बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, पण ज्याला तो लागला त्याची रिअॅक्शन मिळत नाही आणि हशा तर त्या चेहऱ्यावरच असतो. निर्मितीचं गणित कळणारा लेखक दुसऱ्या पानावरच पाच जणांना कोणत्या ना कोणत्या निमित्ताने टेबलावरून उठवतो आणि पंच तिघांत खेळवतो.

लांबीचंही तसंच. केबल नियमांनुसार तासाला जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका मिळून बारा मिनिटांची मर्यादा आहे. म्हणजे अर्ध्या तासात उरली चोवीस. शीर्षकगीत, मागील भागाची उजळणी, पुढची झलक वजा जाता वीस-बावीस. पानाला एक मिनिट हा ठोकताळा मराठी विनोदी संवादांना लागू पडेलच असं नाही, कारण नट वेगात बोलतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचणं हाच उपाय. प्रेक्षकांसमोरच्या स्किटमध्ये हशालाही जागा ठेवावी लागते: चाळीस हशे, प्रत्येकी तीन सेकंद, झाली दोन मिनिटं. ती धरली नाहीत तर नट हशावरच पुढचं वाक्य बोलतो, ते वाक्य पुढच्या पंचाची तयारी असतं, आणि एकाऐवजी दोन विनोद मरतात.

कथा, पटकथा आणि संवाद तिघांकडे वाटण्याची आपली पद्धत कौटुंबिक मालिकेत खपून जाते. विनोदात ती घातक ठरते. पटकथाकाराने दाराआड लपवलेला माणूस संवादलेखक पहिल्याच वाक्यात बोलून उघड करतो. हे रोज घडतं.

आता करार. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात. करारात वेगळं लिहिलं असेल तर नाही. ते ‘वेगळं’ बहुधा बारीक टायपात असतं, ते शोधा. २०१२च्या दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, सही केली तरी. कलम ५७मुळे हक्क विकल्यावरही आपलं लेखन आपलं म्हणून सांगण्याचा अधिकार उरतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. त्यामुळे कन्सेप्ट तोंडी ऐकवण्याआधी पात्रं, घर आणि दोन भागांचे प्रसंग लिहून काढावेत आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावेत. तारखेचा पुरावा राहतो.

पैसे भागामागे आणि तेही बहुधा प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी मिळतात, दहा टक्के टीडीएस कापून. खरा फटका बसतो तो प्रक्षेपितच न झालेल्या भागाचा. म्हणून ‘प्रक्षेपणानंतर’ऐवजी ‘स्क्रिप्ट मंजूर झाल्यापासून’ असं लिहून घ्यावं. पहिला खर्डा आणि दोन दुरुस्त्या, पुढच्या दुरुस्तीला वेगळे पैसे, हेही लिहून घ्यावं. नवख्याला सगळं मिळणार नाही. मागितलं म्हणून कोणी कायमचं काढत नाही, एवढं खरं.

दोन्ही महापालिकांना एक विनंती. ठाण्यातल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाचं लघुप्रेक्षागृह आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह महिन्यातून एक रिकामी दुपार सवलतीच्या भाड्यात संहितावाचनाला द्यावं. नेपथ्य लागत नाही, प्रकाशयोजना लागत नाही. सहा खुर्च्या, दोन माइक, आणि हशा कुठे पडला, कुठे नाही, याच्या खुणा पेन्सिलीने संहितेवर करणारा एक माणूस पुरे. पंखे तेवढे चालू असावेत. घामाघूम प्रेक्षक हसत नाही.

– काही मालिकालेखक, ठाणे व नवी मुंबई