तलाठीबुवांस पत्र

सोलापूर, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

चार महिने गप्प होतो, शिव्या कबूल. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच.

हे घरी सांगता येत नाही. बाबांना वाटतं मी त्यांचं कोलेस्टेरॉल तपासतो. मी बघतो यीस्ट, आणि त्यात कोलेस्टेरॉलच्या जागी असतं एर्गोस्टेरॉल, पण ते कोण ऐकतंय! माझा चार जनुकं काढलेला यीस्ट आठवतो ना? दोन ट्रायग्लिसराइड बनवणारी, दोन स्टेरॉल एस्टर बनवणारी, म्हणजे साठवणीच्या चरबीचे दोन्ही प्रकार. चारही गेली की पेशीत चरबीचा थेंब बनत नाही, तरी पठ्ठ्या जगतो. परवा नाइल रेड, चरबी चमकवणारा रंग, टाकून बघतो तर काळोखात पिवळे ठिपके, गड्ड्याच्या जत्रेतल्या दिव्यांसारखे! ओसुमींना २०१६ साली यीस्टवरच नोबेल मिळालं, म्हटलं आता आपला नंबर. दहा मिनिटांनी पोटात गोळा आला.

ओलिक ॲसिड, म्हणजे चरबीचा घटक, घातलेल्या प्लेटवर लावून बघितलं. चारही नसतील तर आलेली चरबी साठवायला जागा नाही, पेशीला ती बाधते, वाढ खुंटते. माझी कॉलनी सायीसारखी जाड. म्हणजे ट्यूबमध्ये साधा यीस्ट आहे बे!

ट्यूबवर मी मार्करने नुसतं '४' लिहिलेलं. स्पिरिटचा बोळा लागला की पुसायचं, मग अंदाजाने पुन्हा लिहायचं. एमएस्सीला तू टेपवर नाव, तारीख, सगळं लिहायचास आणि मी तुला तलाठी म्हणायचो. त्यावरून आठवडाभर अबोला. (खरं भांडण पेट्रोलच्या पैशांचं होतं, ते तू अजून दिलेले नाहीस.) तर, तुझं बरोबर होतं. फ्रेम करून लाव, पुन्हा म्हणणार नाही.

गाइड मॅडमना सांगितलेलं नाही. फेब्रुवारीपासूनचे सगळे आलेख त्याच ट्यूबचे. बाहेर ४३ अंश, यीस्टला हवेत ३०, आणि आमचा इन्क्युबेटर फक्त तापवतो; म्हणून उन्हावर ढकलायचं ठरवत होतो. पण गेलेली जनुकं उन्हानं परत येतात, हे कुठल्या तोंडानं सांगू?

बारशाला आलो नाही, वहिनींची माफी माग. चादर पाठवतोय. शेंगाचटणीही घेतली होती, अर्धी मीच संपवली. नवी नोकरी कशी आहे?

आज डीप फ्रीझरमधून जुनी कुपी उकरली. अक्षर तुझं, टेप शाबूत. नावाखाली बारीक लिहिलंयस, 'आधी तपासणे'. काय तपासायचं होतं बे? सकाळी मॅडमकडे जायच्या आधी फोन कर.

तुझा,
दिग्या