मोटर सगळ्यात शेवटी बदला, आणि बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रिमोटच्या गाड्यांवर तुम्ही आख्खं पान दिलंत, बघून लई बरं वाटलं, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. पण त्यातल्या दोन गोष्टी आठवडाभर डोक्यातून जाईनात म्हणून लिहायला बसलोय. एक म्हणजे लेखाचा सगळा भर वेगावर, मोटर बदला, मोठी बॅटरी टाका आणि गाडी ताशी ८०-१०० ला पळवा. दुसरी म्हणजे त्या चौकटीतली ओळ, की बॅटरी रात्री झोपताना चार्जिंगला लावली की सकाळी गाडी तयार. ही दुसरी ओळ खरंच धोक्याची आहे, तिच्यावर खाली लिहितोच, पण पहिलीनं पण पोरांचं नुकसान होतं ते आधी सांगतो.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगवर काम करतो, वीसेक वर्षं झाली. माझ्याकडे ट्रॅक्ससची स्लॅश आहे, टू व्हील ड्राइव्ह, एक दशांश स्केलची, शॉर्ट कोर्स ट्रक म्हणतात तो प्रकार, म्हणजे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनला जे खरे ट्रक मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत रेस करतात त्यांचं लहान रूप. ही गाडी २००८ ला आली. लेखात या छंदाला नवीन फॅड म्हटलंय ते मात्र बरोबर नाही, जपानच्या तामियानं मातीत पळणाऱ्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर १९७९ लाच काढल्या, ग्रासहॉपर १९८४ ची आणि अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी१० पण त्याच साली आली. तेव्हा २७ मेगाहर्ट्झचे रिमोट असायचे, दोघांचा क्रिस्टल, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा, एकच निघाला तर एकानं गाडी बंद करून बसायचं. आता २.४ गिगाहर्ट्झमुळं दहा गाड्या एकत्र पळतात.

तर वेगाचं. आमच्या मित्राचा एक रिकामा प्लॉट आहे, काळी माती, उन्हाळ्यात वरून भुगा आणि खालून दगडासारखी कडक. उसाच्या रानातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या आणून आम्ही लेन आखल्यात, दोन उड्या आहेत, एक लांब सरळ आणि बाकी सगळी वळणं. पाच मिनिटांची रेस लावतो. या ट्रॅकवर फुल्ल थ्रॉटल, म्हणजे पूर्ण रेस, एका लॅपमध्ये फार तर दोन सेकंद लागतो हो! बाकीचा सगळा वेळ गाडी वळतीय, ब्रेक घेतीय, उडी मारून खाली येतीय. तिथं शंभरची मोटर काय कामाची? आमच्यात जो पोरगा सगळ्यात कमी वेळा उलटतो तोच जिंकतो, त्याच्या गाडीत अजून कंपनीचीच ब्रशवाली १२ टर्नची, म्हणजे तारेच्या १२ वेढ्यांची, मोटर आहे.

आमच्या गल्लीतल्या एका नववीतल्या पोराला त्याच्या वडलांनी गाडी घेऊन दिली, आणि एका दुकानदारानं पहिल्याच महिन्यात त्याच्या गळ्यात ३५०० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि थ्री एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, मारली. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, म्हणजे फुल चार्ज थ्री एसचे १२.६ व्होल्ट गुणिले ३५०० केले की ४४ हजारच्या वर जातात, लोड नसताना. आणि पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, काय बसवून दिला तर आधीपेक्षा मोठा, का तर वेग वाढेल. पहिल्याच रविवारी तिसऱ्या लॅपला स्पर गिअरचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचे, दात गेले आणि मोटरवर बोट ठेवायची सोय राहिली नाही. पोरगं रडकुंडीला आलं, वडील म्हणाले ही खेळणी अशीच असतात, गाडी माळ्यावर गेली. पैसे गेले त्यापेक्षा मला याचं वाईट वाटलं की पोराला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

चूक त्याची नव्हती, क्रम उलटा होता एवढंच. माझ्या मते पहिला खर्च टायरवर करावा, तो पण मागच्या टायरवर, कारण टू व्हील ड्राइव्हला ढकलतात तेच. आमच्या मातीत मऊ रबराचा, बारीक टोकं असलेला टायर चालतो, मोठे ठोकळे असलेला दिसायला रुबाबदार पण कडक जमिनीवर तो नुसता नाचतो. टायर रिमला चिकटवायचा, फेविक्विकसारखा पातळ गोंद कडेनं थोडा थोडा सोडायचा, घाईनं ओतला तर आतला फोम पण चिकटून दगड होतो. आणि पावसाळ्यात पळवणार असाल तर रिमची भोकं टेपनं बंद करा आणि टायरच्याच मधोमध समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, म्हणजे चाक फिरलं की आत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं, नाहीतर फोम पाणी पितो आणि चाक अर्धा किलोचं झाल्यासारखं गाडीला जड करतं.

दुसरं शॉकचं तेल. यावर मी मनापासून लिहितोय कारण यात खर्च जवळपास नाही आणि फरक सगळ्यात जास्त. कंपनीकडून येतं ते ३० वेटचं सिलिकॉन तेल, वेट जेवढं जास्त तेवढं तेल घट्ट, आमच्या उड्यांवर गाडी खाली आली की पोट आपटायची आणि परत उसळायची. मी पुढं ४० आणि मागं ३५ घातलं. भरताना शॉक उभा धरायचा, रॉड पूर्ण खाली ओढायचा, काठापर्यंत तेल भरायचं आणि मग पिस्टन अगदी हळू वरखाली करायचा, बारीक बारीक बुडबुडे वर येतात, सोडावॉटरसारखे. ते संपले असं वाटलं तरी थांबायचं, चहा पिऊन यायचं, परत आणखी चार वर आलेले असतात. आत हवा राहिली तर शॉक दाबताना पचपच आवाज येतो आणि चारही चाकं वेगवेगळी वागतात. झालं की गाडी फूटभरावरून पाटावर सोडायची, धप्प बसली पाहिजे आणि उसळता कामा नये.

बेअरिंग तर आमच्या घरचाच विषय. पुढच्या चाकातलं बेअरिंग ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर, म्हणजे एमआर ११५, रबर सीलवालं मागा, पत्र्याच्या शील्डमधून काळ्या मातीची धूळ आत जातेच. चाक बोटानं फिरवा, खरखर लागली तर ते बदला, नवीन मोटरपेक्षा तो खर्च आधी.

आता एक सांगतो जे मला स्वतःला मान्य करायला वेळ लागला. मशीनवर काम करणारा माणूस, हाताशी ६०६१ ॲल्युमिनियम, मी काय केलं तर चारही सस्पेन्शन आर्म मिलिंगवर कापून काढले, दोन रविवार गेले, इतके सुंदर झाले होते की बघत बसावं. पहिल्याच धडकेत आर्म नुसता थोडा वाकला पण त्याच्यामागचा बल्कहेड, म्हणजे आर्म ज्याला अडकवतात तो भाग, फुटला, कारण धातू धक्का पोटात घेत नाही, पुढं ढकलतो. नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत जागेवर येतो, आता आरपीएम कंपनीचे नायलॉनचे आर्म आहेत आणि अजून एकपण गेलेला नाही. ॲल्युमिनियम मी आता शॉकच्या टोप्यांना वापरतो, कारण प्लास्टिकच्या टोप्या जोरात आपटलं की उडतात आणि तेल सगळं मातीत. बाकी जिथं धक्का बसतो तिथं नायलॉनच राहू द्या.

डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा डबा, उघडून त्यात घट्ट सिलिकॉन तेल घातलं की वळणावर आतलं हलकं झालेलं चाक नुसतंच फिरत बसत नाही, माझ्याकडे १० हजार सीएसटीचं आहे, सीएसटी हे घट्टपणाचं माप. स्लिपर क्लच, म्हणजे जोराचा झटका बसला की थोडा घसरणारा क्लच, थोडा सैल ठेवायचा, उडीवरून उतरताना तो धक्का खातो आणि गिअर वाचतात. मोटरच्या स्क्रूला निळं लॉकटाइट लावायचं, पण प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला नाही.

बॉडीचं लोकांना माहीत नसतं. शॉर्ट कोर्स ट्रकची बॉडी चाकांवरनं पूर्ण झाकलेली, उडी मारली की खालून हवा भरते आणि छत्रीसारखी गाडी उचलते, नाक वर जातं आणि पाठीवर पडते. मागच्या भागात, जिथं खऱ्या ट्रकला मोकळा हौदा असतो तिथं, भोकं कापली की हवा निघून जाते. कापल्यावर कडा फाटतात, म्हणून आतनं पीओपीवाले सांध्याला लावतात ती फायबरची जाळीची टेप चिकटवून वर लवचिक गोंदाचा हात द्यायचा, माझी बॉडी दोन वर्षं टिकलीय. आणि हवेत असताना नाक खाली चाललं तर थ्रॉटल द्या, नाक वर चाललं तर ब्रेक मारा, फिरणाऱ्या चाकांच्या जोरानं गाडी सरळ होते. हे एकदा जमलं की पोराच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

एवढं झाल्यावर मोटर. तेव्हा पण टू एसवर, म्हणजे दोन सेलच्या पॅकवर, चालवा, ७.४ व्होल्ट आमच्या ट्रॅकला भरपूर होतात, आणि जोरदार मोटर आली की पिनियन मोठा नाही, उलट लहान करायचा. १९ दातांचा पिनियन आणि ८६ चा स्पर म्हणजे मोटरचे साडेचार फेरे तेव्हा स्परचा एक, २३ चा घातला की पावणेचारच्या आसपास येतं, वेग वाढतो पण मोटर तापते. एकेक दात वाढवा आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटं पळवून तापमान बघा. पिनियन बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधून फिरवायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी बाहेर काढायची. कागदावर नागमोडी घडी स्वच्छ उमटली पाहिजे, फाटला तर फार घट्ट बसलाय आणि घडी अर्धवट आली तर ढिला. त्या पोराच्या गाडीत हेच कोणी बघितलं नव्हतं.

आता बॅटरी, आणि इथं संपादक साहेब तुमच्याकडे हात जोडून मागणं आहे. रात्रभर चार्जिंगची सवय जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांमुळं लागलीय, त्यांच्याबरोबर यायचा तो छोटा चार्जर इतका हळू भरायचा की १४-१५ तास लागायचे आणि थोडं जास्त झालं तरी निभायचं. लिपोला निभत नाही. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि ३ च्या खाली पण नाही, चार्ज बॅलन्स चार्जरवरच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवरच, करायचा, बारीक पांढरा प्लग पण लावून, आणि १ सी नं, म्हणजे ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. फारतर तास-सव्वातास लागतो, तेवढा वेळ माणसानं जवळ बसायचं. स्लॅशच्या ब्रशवाल्या गाडीत एक्सएल-५ स्पीड कंट्रोल, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, असतो, त्यात लो व्होल्टेजचं संरक्षण, म्हणजे बॅटरी फार उतरायच्या आत थांबवणारं, चालू आहे की नाही ते लाइटच्या रंगावरून कळतं, हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, लिपो घालताना हिरवाच पाहिजे नाहीतर पॅक तळाला जाऊन मरतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी पळवून आलो, पॅक अजून गरम, तसाच चार्जिंगला लावला, जेवण झालं आणि डोळा लागला. बायकोला गोडसर वास आला म्हणून ती उठली. बघतो तर पॅक उशीसारखा फुगलेला, खालचं लाकडी टेबल गरम. चार्जर बंद केला, चिमट्यानं पॅक उचलून अंगणातल्या वाळूच्या ढिगात ठेवला आणि सकाळपर्यंत दोघं जागे बसलो. मुलगी त्याच खोलीत झोपली होती. पेटला असता तर पाणी मारून पण लवकर विझत नाही. त्यानंतर चार्जिंग फक्त वर्कशॉपमध्ये, फरशीवर, शेजारी वाळूची बादली, पॅक गार झाल्याशिवाय नाही. आठवडाभर वापरायचा नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायचा. फुगलेला पॅक टोचायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, ई-वेस्ट घेणाऱ्याकडेच द्यायचा.

तुमचा पेपर आमच्याकडे घराघरात जातो, ती चौकट कापून पोरांनी भिंतीला लावली असेल, निदान एकानं लावलेली मी स्वतः बघितली. म्हणून या रविवारी त्याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा, की लिपो बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नका आणि एकट्या लहान मुलाला चार्ज करू देऊ नका. माझं बाकी पत्र जागेअभावी कापलं तरी चालेल, तेवढं राहू द्या.

त्या नववीतल्या पोराची गाडी मी माळ्यावरून उतरवून घेतलीय. कंपनीचीच जुनी मोटर परत बसवली, नवीन स्पर आणला, कागदाची पट्टी त्याच्याच हातानं फिरवून घेतली. शॉक अजून भरायचे आहेत, शनिवारी संध्याकाळी येतो म्हणालाय.

तुमचा रोजचा वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर