आण्णांच्या पिकअपबद्दल, टोलेडोहून

टोलेडो, ओहायो
१८ जानेवारी

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

गाडी तुझ्याकडे आली हे बरंच झालं, पण फोनवर तू म्हणालास की मिस्त्री ‘बॅटरी लावू, नाहीतर ट्रॅक्टरने ओढून चालू करू’ म्हणतोय, तेवढं होऊ देऊ नकोस. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात. गिअरमध्ये टाकून ओढलं की रिंगा तुटतात, तुकडे बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चरे पाडतात, आणि चार दिवस डिझेलमध्ये भिजवून सुटलं असतं त्या इंजिनाचं लेथवरचं काम निघतं. शिवाय ब्रेक नाहीत. चालू झालेली गाडी थांबवणार कशी?

त्याआधी कागद. आण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले. मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत सांगलीच्या आरटीओला लेखी कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नावबदलाचा फॉर्म ३१ भरायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि बाकी वारसांची संमती आत्ताच गोळा कर, आत्याची सही राहते नेहमी. आरसीची मुदत संपलेली असणार, तिच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. व्हिंटेज नोंदणीच्या नादी मात्र लागू नकोस. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती २०२१ पासून आहे, पण त्या नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुला तिच्यातून द्राक्षाच्या पेट्या न्यायच्या आहेत.

आता इंजिन. फोटोत दिसतंय ते विलीजचं हरिकेन इंजिन आहे, २१९९ सीसी, चार सिलिंडरचं पेट्रोल. विलीज या अमेरिकन जीप कंपनीने १९५० पासून आपल्या पिकअपमध्ये हेच बसवलं, आणि ते इथे टोलेडोतच बनायचं. जुना कारखाना पाडला, ‘ओव्हरलँड’ लिहिलेली विटांची चिमणी तेवढी उभी आहे. या इंजिनाचा एक विचित्रपणा डोक्यात पक्का ठेव: इनटेक वॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारे) वर हेडमध्ये, एक्झॉस्ट वॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्ये. नव्या पोरांना हे माहीत नसतं, ते हेड उघडून ‘निम्मे वॉल्व्ह कुठायत’ म्हणून बघत बसतात.

चारही प्लग काढ. अर्धं डिझेल आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल असं मिश्रण करून प्रत्येक भोकात ३० मिली ओत आणि दोन दिवस सोड. मग गिअर न्यूट्रलला आहे हे हलवून बघ, आणि पुढून हॅण्डल लावून दोन्ही बाजूंना हलकं हलकं हलव. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हॅण्डलला वेढायचा नाही. आत्ता प्लग नाहीत म्हणून ते उलटं मारणार नाही, पण सवय आत्ताच लागू दे, पुढे उलटं मारलं की अंगठाच जातो. हललं नाही तर पुन्हा ओत, आणखी दोन दिवस थांब. हॅण्डलला पाइप घालून जोर लावायचा नाही.

फिरायला लागलं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालचं पत्र्याचं झाकण उघड. आत चार एक्झॉस्ट वॉल्व्हच्या स्प्रिंगा दिसतील. कोणाकडून तरी हॅण्डल फिरवून घे आणि तू एकेक वॉल्व्ह बघ: वर जातो तसा खालीही आला पाहिजे. वरच राहिला तर तो गाइडमध्ये (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) गंजून अडकलाय, ही या इंजिनाची नेहमीची खोड. दांडीवर गंज सोडवणारं तेल मार. तरी नाही आला तर हेड काढावं लागेल, मग वरून पितळी दांडीने हलकेच ठोक. वॉल्व्हचे लॉक (स्प्रिंग धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढशील तेव्हा त्या कप्प्याच्या तळाला असलेली तेल उतरायची भोकं चिंध्यांनी बंद कर. नखाएवढा लॉक त्यातून पडला तर सरळ चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) जातो, आणि पुढचा अख्खा दिवस चेंबर खोलण्यात.

हेड काढताना सगळे बोल्ट निघाले तरी हेड हलत नाही, मग मिस्त्री पहार घालतो आणि हेड तडकतं. कारण एक बोल्ट दिसतच नाही: कार्बोरेटर काढला की त्याच्या खालच्या तोंडात, आत खोल, एक हेडबोल्ट आहे. टॉर्च मारून बघ. बसवतानाही तो विसरायचा नाही. सगळे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, ६० ते ७० फूट-पाउंडपर्यंत. टॉर्क पाना नसेल तर आण, अंदाजाने आवळलेलं गास्केट महिन्यात फुंकतं. वॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६.

हेड काढलंच तर बोअर मोजून घे. मूळ माप ३.१२५ इंच. वर-खाली पाच थाऊपेक्षा (इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात) जास्त फरक असेल तर बोअर करावा लागेल. त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा, तिथल्या लोकांचा हात या कामावर बसलेला आहे. मात्र पिस्टन आधी हातात येऊ देत, ते मोजूनच बोअर करायला सांग. आधी बोअर आणि मग पिस्टनची शोधाशोध, यात ब्लॉक वाया जातात. ‘त्यापेक्षा डिझेल इंजिन टाकू’ असं कोणीतरी सुचवेलच. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, माउंटिंग कापावी लागतात, आणि एवढं करून मिळते ती धड ना आण्णांची ना नवी अशी गाडी.

पेट्रोलची टाकी खाली उतरव आणि आत टॉर्च मार. लाल चुरा दिसला तर मूठभर खडी आणि पाणी घालून हलव, ओत, परत हलव, पाणी स्वच्छ येईपर्यंत. टाकीच्या भोकाला डाग द्यायचा (झाळायचं) तर टाकी धुवून काठोकाठ पाण्याने भरूनच, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ वर्षानुवर्षं राहते. रबरी नळ्या सगळ्या नव्या टाक, त्याही इथेनॉल चालणाऱ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगून पिठासारखं होतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही त्यातच जातो, तो मी इथून पाठवतो. फुटका डायफ्रॅम पेट्रोल थेट चेंबरमध्ये सोडतो, म्हणून ऑइल काढशील तेव्हा वास घे.

ब्रेकला आठवडा दे. चाकं खोलताना डाव्या बाजूचे नट बघ: बोल्टाच्या टोकावर एल कोरलेला असेल तर ते उलट्या आट्याचे आहेत, उजवीकडे फिरवल्यावर सुटतात. हे न कळल्याने कितीतरी बोल्ट तुटलेले असतात. मागचा ड्रम टेपर शाफ्टवर असेल तर दणकट पुलर लागेल, शाफ्टच्या टोकावर हातोडा घातलास तर आटे बसले. मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली आहे आणि लाइन एकच, म्हणजे एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून नळ्या, होज, चारही व्हील सिलिंडरचे रबर, सगळं नवं. नळीला नुसतं तांबं चालत नाही, कंपनाने चिरतं. ब्रेकची स्टील नळी घे आणि तोंड दुहेरी फ्लेअर करून (दोनदा दुमडून पसरवून) घे. सिलिंडर पेट्रोलने धुऊ देऊ नकोस, रबर फुगतं, स्पिरिट वापर. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी.

गिअरबॉक्सला जीएल-४ तेल, जीएल-५ नको, त्यातली गंधकाची रसायनं पितळेच्या रिंगा खातात. फिलर प्लगच्या तोंडाला लागेल इतकं भर.

पत्र्याचं काम सर्वांत शेवटी. आधी चेसिसवर लहान हातोडीने ठोकत जा: ठण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतून खाल्लंय. कुजलेला भाग कापून १८ गेजचा पत्रा घालून घे, वरून लांबी (पुट्टी) भरून झाकू देऊ नकोस, दोन पावसाळ्यांत फुगून येते. हौद्याच्या मागच्या फळीवर आण्णांनी रंगवून घेतलेली अक्षरं आहेत. ती फळी पेंटरच्या हाती देऊच नकोस, मऊ फडक्याने पूस आणि तशीच ठेव.

पहिल्यांदा चालू करशील तेव्हा टाकी नको, पाच लिटरचा डबा. ऑइल नवं, २०डब्ल्यू-४०, फिल्टरसकट पाच लिटरला थोडं कमी. प्लग काढून स्टार्टर मारत राहा, ऑइलचा काटा उचलेपर्यंत, मगच प्लग लाव. प्लगचं अंतर ०.०३० इंच, फायरिंग (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२.

पार्सल पाठवायच्या आधी मला तीन फोटो हवेत: कार्बोरेटरवरची पट्टी (सोलेक्स कंपनीचा असेल तर इथलं कार्टर कंपनीचं किट निरुपयोगी), डिस्ट्रिब्युटरवरचं नाव (लुकास असेल तर पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, ऑटोलाइट असेल तर ०.०२०), आणि व्हील सिलिंडरवर उठवलेला आकडा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. आकडा गंजाखाली असेल, तारेच्या ब्रशने घास, खडू चोळ, मग दिसेल.

काकूला नमस्कार सांग.

तुझा
संजूदादा