परीक्षा जूनमध्ये, फॉर्म जुलैत

कोलंबस, ओहायो
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा माझ्या ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या डॉक्टरकीच्या, प्रवेशावरून फोनवर तुम्ही म्हणालात, "फॉर्म अजून चालू आहेत ना, मग भरत का नाहीस? एक वर्ष उगाच का घालवायचं?" याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही. मध्येच गिऱ्हाईक येतं, आई जेवलीस का विचारते, आणि विषय तिथंच राहतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. दुकान बंद केल्यावर निवांत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

तुमचं म्हणणं खोटं नाही. येत्या ऑगस्टला सुरू होणाऱ्या वर्गाचे फॉर्म काही शाळा अजून घेतात. कुणाची मुदत डिसेंबर-जानेवारीतच संपते, कुणाची मार्च-एप्रिलपर्यंत असते, एखादीची त्याच्याही पुढं. नियम बघितले तर मी आजही फॉर्म भरू शकते. पण मुदत संपली नाही म्हणजे जागा शिल्लक आहेत असं इथं धरता येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आपल्याकडं कसं असतं? सगळ्यांची परीक्षा एका दिवशी, निकाल एका दिवशी, मग गुणवत्ता यादी आणि कॅप राउंड. फॉर्म पहिल्या दिवशी भरला काय, शेवटच्या दिवशी भरला काय, नंबर गुणांवरच लागणार. इथल्या ऑप्टोमेट्रीच्या शाळांचं तसं नाही. सगळ्या शाळांचे अर्ज 'ऑप्टोमकॅस' नावाच्या एकाच ठिकाणी ऑनलाइन भरायचे. ते दरवर्षी जूनच्या शेवटी नाहीतर जुलैच्या सुरुवातीला उघडतं. बहुतेक शाळा फायली येतील तशा वाचायला घेतात, पसंत पडलेल्या मुलांना मुलाखतीला बोलावतात आणि तिथूनच जागा द्यायला लागतात. ख्रिसमसच्या सुट्ट्या लागेपर्यंत बऱ्याच वर्गांच्या पुष्कळ जागा गेलेल्या असतात. मार्चमध्ये फाइल पोचली तर उरलेल्या थोड्या जागांसाठी चढाओढ, नाहीतर प्रतीक्षा यादी. उशिरा भरूनही प्रवेश मिळालेली मुलं असतात, नाही असं नाही. पण त्यांच्या हातात बहुधा परीक्षेचे चांगले गुण आधीपासून असतात. माझ्या हातात आज ते नाहीत.

आता परीक्षेचं सांगते. तिचं नाव ओएटी, म्हणजे ऑप्टोमेट्रीची प्रवेश परीक्षा. प्रोमेट्रिक नावाच्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर संगणकावर बसून द्यायची. ठरलेली अशी एक तारीख नसते, वर्षभरात आपल्याला सोयीचा दिवस घ्यायचा. हे ऐकायला फार सोपं वाटतं आणि याच्यामुळंच बरीच मुलं घोळ घालतात. तारीख आपल्या हातात आहे म्हटल्यावर कुणी तयारी नसताना उरकून टाकतो, तर कुणी इतकी लांबवतो की फॉर्मचा हंगामच निघून जातो.

पहिला पेपर जीवशास्त्र, साधं रसायनशास्त्र आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांचा, त्याला ९० मिनिटं. मग उताऱ्यांवरचे प्रश्न, मग फिजिक्सचे ४० प्रश्न ५० मिनिटांत, आणि शेवटी गणित. गुण २०० ते ४०० मध्ये मोजतात, ३०० म्हणजे साधारण मधला विद्यार्थी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दादाला हे ऐकून नवल वाटेल, कारण त्यानं नीटच्या वेळी वजा गुणांची धास्ती पुरेपूर घेतली होती. दातांच्या डॉक्टरकीची प्रवेश परीक्षाही पुष्कळशी अशीच आहे, पण तिच्यात फिजिक्स नाही. डोळ्यांच्या परीक्षेत आहे, आणि ते असायलाच पाहिजे.

माझी खरी अडचण फिजिक्सचीच आहे. इथं फिजिक्स दोन सत्रांत शिकवतात. पहिलं सत्र डिसेंबरात झालं, त्यात गती, बल, ऊर्जा, द्रव, उष्णता हे भाग होते. वीज, चुंबक, लहरी आणि प्रकाश आत्ता सुरू झालेल्या सत्रात आहे, आणि प्रकाश तर एप्रिलवर ढकलला आहे. म्हणजे आज परीक्षेला बसायचं तर अर्धं फिजिक्स न शिकताच बसायचं, त्यातही नेमका आरशांचा आणि भिंगांचा भाग सोडून.

बाबा, भिंगं मला येतात. तुम्हीच शिकवलीत. ट्रायल बॉक्समधून, म्हणजे नंबर तपासायच्या काचांच्या पेटीतून, प्लस दोनची काच काढून खिडकीतला उजेड भिंतीवर धरायला लावायचात आणि पट्टीनं अंतर मोजायला सांगायचात. अर्धा मीटर. एकाला मीटरातल्या अंतरानं भागलं की नंबर आला, हे मला शाळेतल्या पुस्तकाच्या आधी आपल्या गणपती पेठेतल्या दुकानात कळलं. सिलिंडर नंबरच्या काचेचा अ‍ॅक्सिस, म्हणजे ती बसवायचा कोन, थोडा जरी सरकला तरी माणूस चष्मा घालून चालताना कसा बिचकतो, हेही तिथंच पाहिलं. तरीसुद्धा परीक्षेत दोन भिंगं एकामागे एक ठेवून शेवटची प्रतिमा कुठं पडेल, उलटी की सुलटी, केवढी, हे मिनिटभरात सोडवावं लागतं. त्यासाठी गणितं रोज हाताखालून जायला हवीत. हा भाग मला वरवरचा नको आहे. बाकी कुठल्या विषयात दोन गुण कमी पडले तर चालतील, पण भिंगांच्या प्रश्नावर मी अडखळले तर मला ते खपणार नाही.

दादाचा सल्ला वेगळा होता: "फॉर्म आत्ताच भरून ठेव, परीक्षा नंतर दे." तशी सोय आहे. फॉर्ममध्ये परीक्षेची नियोजित तारीख लिहून तो पाठवता येतो. पण गुण येईपर्यंत बहुतेक शाळा फाइल पुढं सरकवत नाहीत, म्हणजे आपण लवकर भरल्याचा फायदा शून्य. शिवाय फिजिक्सच्या दुसऱ्या सत्रासमोर गुणांऐवजी 'चालू आहे' एवढंच दिसणार. काही शाळा ओएटीऐवजी जीआरई या दुसऱ्या, सर्वसाधारण प्रवेश परीक्षेचे गुणही घेतात, तेही मी पाहून ठेवलं. पण सगळ्या घेत नाहीत, आणि ज्या विद्येत पुढं चार वर्षं प्रकाशच शिकायचा आहे तिच्या दारात फिजिक्स चुकवून जाणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ही परीक्षा पुन्हा देता येते, पण दोन खेपांमध्ये काही आठवडे थांबावंच लागतं, आणि आधीच्या खेपेचे गुण शाळांना दिसतात. आत्ता घाईनं दिली आणि कमी पडले, तर पुन्हा द्यायला या हंगामात वेळ उरत नाही, आणि ते कमी गुण पुढच्या वर्षीच्या फॉर्मसोबतही जातात. पैसेही कमी नाहीत. परीक्षेचे पाचशे डॉलरच्या वर, फॉर्मचे वेगळे, आणि प्रत्येक वाढीव शाळेमागे पुन्हा वेगळे.

म्हणून मी ठरवलं आहे ते असं. सत्र मेच्या सुरुवातीला संपेल, तेव्हा फिजिक्स ताजं असेल. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे फक्त ओएटी. जूनच्या मध्याची तारीख घेणार आहे. कच्चे गुण त्याच दिवशी सेंटरवर कळतात, अधिकृत गुण शाळांना नंतर काही आठवड्यांत जातात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फॉर्म पाठवायचा, कारण तो आल्यावर ऑप्टोमकॅसवाले कॉलेजची गुणपत्रकं तपासतात आणि त्यातही आठवडे जातात. असं केलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात माझी फाइल पूर्ण होऊन शाळांसमोर असेल, जागा भरपूर शिल्लक असताना. आणि जूनमध्ये समजा मनासारखं झालं नाही, तर सक्तीचा खंड धरूनही शरद ऋतूत दुसरी खेप देता येते आणि ती याच हंगामात मोजली जाते. ही दुसरी संधी मला जूनमध्ये आहे, जानेवारीत नाही. तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हेच.

शिफारसपत्रांचं काम आत्ताच सुरू करते आहे. एक विज्ञानाच्या प्राध्यापकांचं लागेल, आणि एक ऑप्टोमेट्रिस्टचं असलेलं केव्हाही चांगलं. ज्या डॉक्टरबाईंच्या क्लिनिकमध्ये मी शनिवारी बसते त्यांनी आपण होऊन हो म्हटलं आहे. त्या रुग्णाला मशीनसमोर बसवण्याआधी पाच मिनिटं नुसतं बोलतात: काम काय करता, वाचता किती, रात्री गाडी चालवता का. तुम्ही गिऱ्हाइकाला आधी चहा विचारता तेव्हाही हेच चालू असतं, हे मला त्यांच्याकडं बसल्यावर जास्त उमगलं.

आता 'वाया जाणाऱ्या' वर्षाचं. मेमध्ये पदवी हातात येईल. त्यानंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने आपल्या विषयातलं काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. पदवी संपल्यापासून साठ दिवसांच्या आत ते सुरू करावं लागतं आणि एकूण नव्वद दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही. मी ते जुलैच्या सुरुवातीला धरते आहे. म्हणजे २०२७ च्या जुलैत ते संपेल आणि ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होईल. मध्ये जी सवलतीची मुदत मिळते तिच्यात हे महिनाभराचं अंतर बसतं. काम डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये तंत्रज्ञ म्हणून करायचं आहे: रुग्णाचा इतिहास लिहून घेणं, डोळ्याचा दाब मोजणं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणं. पगार मोठा नसेल, पण राहण्याखाण्यासाठी तुमच्याकडं हात पसरावा लागणार नाही. खाजगी शाळांची फी वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या वर, अशी चार वर्षं. परदेशी विद्यार्थ्याला इथलं सरकारी कर्ज मिळत नाही आणि खाजगी कर्जाला बहुधा इथला जामीनदार लागतो. बँकेशी बोलायला, कागद जमवायला तुम्हालाही हे वर्ष लागणारच आहे. येत्या ऑगस्टमध्येच जायचं ठरलं असतं तर पाच-सहा महिन्यांत तुमची किती ओढाताण झाली असती, याचा विचार करा. या वर्षाला वाया म्हणू नका, बाबा. मला ते हवं आहे.

शाळा अजून पक्क्या केल्या नाहीत. सरकारी विद्यापीठांच्या शाळांत त्या-त्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप मिळतं, त्यामुळं खाजगी शाळांकडं जास्त लक्ष आहे: शिकागोची इलिनॉय कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री, जी १८७२ पासून चालू आहे, मेम्फिसची सदर्न आणि बॉस्टनची न्यू इंग्लंड. मेम्फिसला राहण्याचा खर्च बॉस्टनपेक्षा पुष्कळ कमी, तेव्हा माझा कल तिकडं आहे.

आत्याला सांगा की मी डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होणार नाही. तो एमडीचा, म्हणजे इथल्या वैद्यकीय डॉक्टरकीच्या पदवीचा रस्ता, वेगळा आणि बराच लांबचा. ऑप्टोमेट्रीची ओडी पदवी घेतलेला डॉक्टर इथं डोळे तपासतो, नंबर देतो, औषधं लिहितो, काचबिंदूच्या रुग्णाला वर्षानुवर्षं सांभाळतो, आणि शस्त्रक्रिया लागली की पुढं पाठवतो. किती करायची मुभा आहे ते राज्याराज्यांत बदलतं. मला हेच काम हवं आहे. मिरजेहून दवाखान्याची चिठ्ठी घेऊन माणसं आपल्याकडं चष्म्याला यायची तेव्हा त्यांना चिठ्ठीतलं काहीच कळलेलं नसायचं, आणि ते समजावत तुम्ही तासतास बसायचात. दर सहा महिन्यांनी परत येणाऱ्या त्याच माणसांबरोबर राहण्याचं हे काम आहे.

आजीला मात्र माझ्यातर्फे निक्षून सांगा. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, हे जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातलं. आता रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की करून घेता येतो, आणि फार कडक होऊ दिला तर उलट काढायला अवघड जातो. तिला पोथी वाचता येईना झाली आहे, म्हणजे वेळ झाली. याच महिन्यात दाखवून आणा.

दोन कामं तुमच्याकडं. फॉर्ममध्ये अनुभवाचा एक भाग असतो. मी दुकानात कोणत्या वर्षापासून बसत होते आणि काय-काय करत होते, हे आईला विचारून एका कागदावर लिहून पाठवा. ती वर्षं तुमच्यापेक्षा तिला नक्की आठवतील. आणि बारावीच्या सुट्टीत मी ज्या नेत्रतपासणी शिबिरांना जात होते, त्यांच्या आयोजकांकडून माझ्या कामाचं पत्र मिळेल का, ते विचारा. मेच्या आधी मिळालं तर बरं. त्यानंतर मी अभ्यासात असेन आणि फोनही रविवारीच करीन, आईला तेवढं आत्ताच सांगून ठेवा.

आजीला आणि आईला नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितला म्हणून सांगा.

तुमची
लेक