ऐकणारा लिहून घेतो आहे, असे समजून बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १३ फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनाला आपल्याकडे आकाशवाणीच्या आठवणी छापून येतात. त्याच्या आदल्याच दिवशी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला होता. केंद्र उभारले मार्कोनींनी, श्रोत्यांना पहिली ओळख करून दिली तीही त्यांनीच, आणि मग पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये बोलले. केंद्राचे पहिले संचालक फादर जानफ्रान्चेस्की हे येशूसंघी (जेज्युइट) धर्मगुरू, पण पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. लहरींचे शास्त्र समजणाऱ्या माणसाच्या हाती केंद्र दिले गेले, ही गोष्ट कॅथलिक रेडिओवर लिहिताना हमखास सुटते. लक्षात राहतात ते वक्ते. वसई, उत्तन आणि नगरकडच्या धर्मग्रामांतून (एकेका चर्चच्या परिसरांतून) आज मोबाईलवर मराठी प्रवचने, रोजरी (जपमाळेची प्रार्थना), शुभवर्तमानाचे वाचन पाठवले जाते. तिथेही पहिला प्रश्न ‘बोलणार कोण?’ हाच असतो. तो प्रश्न दुसरा असायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, १९४० ते १९४६ या वर्षांत, व्हॅटिकन रेडिओने युद्धकैदी आणि बेपत्ता माणसांविषयीचे १२ लाखांहून अधिक संदेश प्रक्षेपित केले. त्या कामात वक्तृत्वाला वावच नव्हता. नावातले एक अक्षर चुकले की निरोप दुसऱ्याच घरी जाणार. शॉर्टवेव्हवर (दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींवर) आवाज लाटेसारखा वरखाली होतो, मध्येच बुडतो, शेजारच्या केंद्राची शिट्टी त्यात मिसळते. म्हणून नाव सावकाश घ्यायचे, ते पुन्हा सांगायचे, आणि पलीकडच्याला पेन्सिल चालवायला वेळ द्यायचा. कॅथलिक रेडिओचे सर्वांत मोलाचे काम या चालीने झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीच चाल कोलंबियातल्या सुतातेन्सा या डोंगरी गावात शाळेच्या रूपाने दिसली. १९४७ साली फादर होसे होआकिन साल्सेदो हे तरुण धर्मगुरू तिथे आले. आजूबाजूचे शेतकरी बहुतेक निरक्षर, वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, शिक्षक तिथवर पोहोचणे अशक्य. साल्सेदो यांनी अगदी लहान, घरगुती म्हणावा असा ट्रान्समीटर चालू केला. पुढे त्यातून रेडिओ शाळांची मोठी संघटना उभी राहिली आणि ‘रेडिओ सुतातेन्सा’ हे नाव लॅटिन अमेरिकाभर गेले.

त्या शाळेची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. एका शेतकऱ्याच्या घरात बॅटरीवर चालणारा रिसीव्हर, एक फळा, खडू, एक दिवा आणि छापील अंकलिपी. रिसीव्हर एकाच केंद्रावर पक्का लावलेला, त्यामुळे काटा फिरवून धडा हरवण्याची भीती नाही. घरातली माणसे आणि शेजारी मिळून वर्ग. त्यांच्यातलाच एक, ज्याला थोडेफार वाचता येते, तो मदतनीस. निवेदक शहरातल्या स्टुडिओतून सांगणार, ‘आता मदतनिसाने फळ्यावर हे अक्षर काढावे,’ आणि मग गप्प बसणार. मदतनीस अक्षर काढतो, वर्ग ते पाटीवर गिरवतो, तोवर रेडिओ शांत. त्या शांततेची लांबी किती ठेवायची, यावर सगळा धडा उभा. ती कमी पडली तर मागच्या रांगेतली आजीबाई पहिल्याच आठवड्यात बाहेर पडणार. फार ताणली तर बॅटरी संपली की काय, असे वाटून लोक रिसीव्हर हलवू लागणार. निवेदकाला वर्ग दिसत नाही, म्हणून ही लांबी त्याला मदतनिसांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पत्रांवरूनच शिकावी लागते. अशी शेतकऱ्यांची लाखो पत्रे सुतातेन्साला आली, त्यांना उत्तरे गेली, आणि १९५८ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र साप्ताहिकही निघाले. अक्षरओळख, हिशेब, आरोग्य, शेती आणि धर्मशिक्षण, सगळे याच घडीत बसवलेले. केंद्र १९८९ साली विकले गेले, पण त्याचा दफ्तरखाना बोगोटाच्या मोठ्या ग्रंथालयात जपलेला आहे. नभोवाणीत काम करू इच्छिणाऱ्या कोणत्याही फादरांनी, सिस्टरांनी किंवा प्रापंचिकाने (धर्मगुरू वा सिस्टर नसलेल्या भाविकाने) भाषणकलेच्या आधी ही मांडणी अभ्यासावी.

आता वक्त्यांविषयी, कारण त्यांना टाळून चालणार नाही. अमेरिकेत १९३० साली एनबीसी या रेडिओ जाळ्यावर ‘कॅथलिक अवर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि धर्मगुरू फुल्टन शीन तिथे १९५० पर्यंत बोलत राहिले. कार्यक्रम मात्र त्यांचा नव्हता. तो प्रापंचिक पुरुषांच्या राष्ट्रीय परिषदेचा होता, वेळ एनबीसीने दिलेला होता, आणि शीन हे अनेक वक्त्यांपैकी एक होते. याच्या उलट मिशिगनमधले फादर चार्ल्स कॉग्लिन. ते १९२६ मध्ये डेट्रॉइटच्या एका केंद्रावरून मुलांसाठी बोलू लागले, १९३० मध्ये सीबीएस या दुसऱ्या जाळ्यावर गेले, आणि राजकीय भाषणांवरून १९३१ मध्ये तिथून बाहेर पडल्यावर श्रोत्यांच्या देणग्यांतून एकेका केंद्राचा वेळ विकत घेत त्यांनी स्वतःचे जाळे उभे केले. ऐन भरात त्यांचे श्रोते कोट्यवधींत मोजले जात. पैसा त्यांचा, वेळ त्यांचा, संहिता त्यांची. थांबवू शकणारे एकटे त्यांचे बिशप, आणि ते तेव्हा पाठीशी. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरेदारे, प्रार्थनामंदिरे जाळली गेली, त्यानंतर काही दिवसांतच कॉग्लिन यांनी माइकवरून ज्यूंनाच दोष दिला. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने त्यांची पुढची भाषणे नाकारली, १९३९ मध्ये प्रसारकांच्या संघटनेने वादग्रस्त भाषणांना वेळ विकण्यावर बंधने घातली, आणि १९४० मध्ये त्यांचा आवाज रेडिओवरून गेला. तोवर जे विष पसरायचे ते पसरले होते. आवाज असाधारण होता, म्हणूनच नुकसान मोठे झाले. आजच्या रेडिओ मारिया या कॅथलिक केंद्रांत धर्मगुरू संचालक आशयाला जबाबदार असतो आणि प्रापंचिक अध्यक्ष कारभाराला. जाहिराती घेत नाहीत. अशी विभागणी प्रत्येक धर्मग्रामाच्या छोट्याशा ध्वनिमुद्रण गटातही हवी. बोलणारा, संहिता तपासणारा आणि फाइल पाठवणारा ही तीन वेगळी माणसे असावीत.

फिलिपिन्समधल्या मनिलाचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे: अध्यक्ष मार्कोस यांच्याविरुद्ध उठलेले दोन नेते लष्करी छावणीत अडकले होते. २२ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन रेडिओ व्हेरिटास या कॅथलिक केंद्रावर बोलले आणि लोक छावणीजवळच्या एडसा रस्त्यावर उतरले. त्या आवाहनात काय होते, हे पाहावे: आपल्या मित्रांना पाठिंबा द्या, छावणीपाशी जा, त्यांना खायला घेऊन जा. ऐकणाऱ्याला कुठे जायचे आणि काय न्यायचे, हे कळले. दुसऱ्या दिवशी सरकारी सैनिकांनी व्हेरिटासचा मालोलोस येथला मुख्य ट्रान्समीटर मोडून टाकला. मग कमी ताकदीच्या राखीव यंत्रावर काम चालले, तेही थांबल्यावर निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रातून, जागा गुप्त ठेवून, रात्रभर बोलत राहिल्या. एकाच मनोऱ्यावर भिस्त ठेवू नये, हा धडा तिथला. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी आणि ती पाठवण्याचा हक्क एकाच फोनवर अडकू देऊ नये.

आपल्या देशात धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी निगडित कंपनीला खासगी एफएमचा परवाना मिळत नाही. सामुदायिक रेडिओ ना-नफा संस्थेला मिळतो, तोही साधारण १०० वॉटच्या मर्यादेत आणि स्थानिक लोकांच्या गरजांसाठी. आशियाई भाषांत प्रसारण करणाऱ्या रेडिओ व्हेरिटास एशियानेही २०१८ मध्ये शॉर्टवेव्ह बंद केली. तेव्हा मराठीत धर्मविषयक बोलायचे तर वाट मोबाईलचीच, आणि तिथे चुका तांत्रिक होतात. नेहमीच्या चुका अशा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे देवळातल्या (चर्चमधल्या) स्पीकरसमोर फोन धरून मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) मुद्रित करणे. उंच छताच्या चर्चमध्ये शब्द विरायला दोनतीन सेकंद लागतात. डोळ्यांसमोर वेदी असताना कान ते सांभाळून घेतो. फोनवर मात्र मागचा शब्द पुढच्यावर चढतो. आवाज मिक्सरच्या ऑक्झिलरी आउटपुटमधून (वेगळ्या जोडणीतून) घ्यावा, आणि तो फेडरच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचा असावा, नाहीतर हॉलचा आवाज कमी केला की मुद्रणही बसते. मिक्सरची लाईन पातळी (माइकपेक्षा बराच जोरदार संकेत) थेट फोनच्या माइक इनपुटला दिली तर आवाज फाटतो. मध्ये पातळी उतरवणारा इंटरफेस लागतो. गायकवृंद बहुधा मिक्सरमध्ये नसतोच, म्हणून त्यांच्यासाठी एक वेगळा माइक लावावा, नाहीतर गीताच्या वेळी घरी बसलेल्या आजारी माणसाला नुसती खरखर ऐकू येते.

प्रवचन वेगळे मुद्रित करायचे असेल तर देवळात करूच नये. कपड्यांच्या कपाटाची, गाद्या-पडद्यांची लहान खोली उत्तम. पंखा बंद. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, आणि समोर न ठेवता थोडा बाजूला. मराठीत फ, भ, ख, थ अशी महाप्राण अक्षरे फार; समोरच्या माइकवर ‘प्रभू’ शब्दातला ‘भू’ धाडकन आदळतो, आणि आपल्या प्रार्थनांत हा शब्द दर दोन ओळींना येतो. पातळी अशी ठेवावी की मुद्रणाच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. मोनोमध्ये (एकाच ध्वनिमार्गात) ६४ केबीपीएसला दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते. स्टिरिओची काही गरज नसते, आणि जुन्या फोनवर मोठी फाइल उतरतच नाही.

संहितेचे: मिनिटाला साधारण ११० शब्द धरावेत. पाच मिनिटांना साडेपाचशे पुरे. कागदाच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरात, वाक्य दोन पानांत तोडायचे नाही, पाने टाचायची नाहीत. उलटताना आवाज होतो, म्हणून ती बाजूला सरकवायची. ‘योहान ३:१६’ असे लिहिले की वाचणारा अडखळतो. ‘योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, सोळावे वचन’ असे अक्षरी लिहावे, म्हणून झाल्यावर तीन सेकंद थांबावे आणि पुन्हा सांगावे. म्हातारी माणसे चष्मा शोधून पान उघडतात, त्याला वेळ लागतो. मिस्साची वेळ, आजाऱ्यांना कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) देण्याचा दिवस, हेही असेच दोनदा.

आणि फाइल सगळ्यांना पाठवण्याआधी ती तिघांना द्यावी. त्यातले एक साठीपुढचे, स्वस्त फोनच्या छोट्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात ऐकणारे असावे. त्यांना विचारायचे एकच: वचन कोणते होते, वेळ कोणती सांगितली आणि काय करायला सांगितले, ते लिहून पाठवा. तिघांचे कागद जुळले तर फाइल पुढे पाठवावी. एकाचाही आकडा वेगळा आला तर पुन्हा मुद्रण करावे, या खेपेस अधिक सावकाश.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, वसई