लाइट गेली की सोलरही का जातो? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातील घरगुती सोलरला बॅटरीची जोड मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

छपरावरच्या सोलरची सगळी जाहिरात सध्या ‘वीजबिल शून्य’ एवढ्यावरच चालली आहे. बिल कमी होतं, यात वाद नाही. पण कोकणात लाइट जाते तेव्हा सोलर असलेल्या घरातही अंधारच होतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना पॅनेल बसवून झाल्यावर कळते.

कारण तांत्रिक आहे आणि रास्तही आहे. नेट मीटरिंगमध्ये आपली जास्तीची वीज लाइनमध्ये जाते आणि बिलातून वजा होते. त्यासाठीचा साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, लाइनमध्ये वीज असेल तरच चालतो. लाइन गेली की त्याने तत्क्षणी बंद व्हायचं, असा नियम. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसायचा. तो नियम बदला असं कोणीच म्हणणार नाही. पण परिणाम काय होतो बघा. भर दुपारी बाराला लख्ख ऊन, पॅनेल तापलेलं, इन्व्हर्टरवर लाल दिवा लुकलुकतोय आणि खाली पंखा थांबलेला. शेजारी विचारतात, “तुमच्याकडे सोलर आहे ना? मग?” समजावता समजावता पुरेवाट होते.

मोठ्या शहरात लाइट तास-दोन तासांत परत येते, तिथे हे चालून जातं. आमच्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत खांबच्या खांब आडवे झाले आणि काही गावं कित्येक आठवडे विजेविना राहिली. अंधाराचं एवढं काही नाही, कंदील काढले. पण नळपाणी योजनेचे पंप बंद, मोबाइल टॉवर बंद. वर लॉकडाऊन. मुंबईतल्या मुलांना आईवडील सुखरूप आहेत एवढंही कळेना. जनरेटर असलेल्या घरापुढे लोक चार्जर घेऊन रांग लावायचे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आणि चक्रीवादळाचं सोडा, जून ते सप्टेंबर एखादी फांदी तारांवर पडली की वाडीची रात्र अंधारात जाते. वायरमन बिचारा एक, आणि गावं किती!

याच रत्नागिरी जिल्ह्यात कोयनेचं पोफळीचं वीजगृह आहे, गुहागर तालुक्यात दाभोळचा गॅसवरचा प्रकल्प आहे, जयगडला 1200 मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे. राज्याला वीज देणारा हा जिल्हा. प्रश्न विजेच्या तुटवड्याचा नाही, डोंगरउतारावरून झाडीतून वाडीपर्यंत येणाऱ्या तारेचा आहे. म्हणून घरापाशीच वीज तयार होणं आणि घरापाशीच साठणं याला इथे जेवढा अर्थ आहे, तेवढा दुसरीकडे क्वचितच असेल.

आजच्या योजना मात्र साठवणीकडे बघतच नाहीत. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. 100 युनिटच्या आत वापर असलेल्यांसाठी राज्याने वर स्वतःची भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॉटसाठी केंद्राचे 30 हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार, म्हणजे घरच्या खिशातून अगदी थोडे. याबद्दल मनापासून आभार. पण बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. जीएसटीचंही तेच, पॅनेलवर 5 टक्के आणि बॅटरीवर 18.

बॅटरी म्हटलं की खर्चाचा बाऊ होतो. पण एसी चालवायला ती कोणी मागत नाही. 9 वॉटचे चार एलईडी, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, राउटर आणि मोबाइल मिळून सव्वाशे वॉटसुद्धा होत नाहीत. दहा तासांची रात्र धरली तरी सव्वा युनिट. पावसाळ्यात ऊन कुठे असतं, असं अधिकारी म्हणतील. उत्पादन खूप घटतं, हे खरंच आहे. मुसळधार पावसात तर फारच. पण रात्रीपुरती बॅटरी भरायला मे महिन्यातलं ऊन लागत नाही.

यात राज्याचाही फायदा आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत दिली, कारण दुपारी सौर वीज भरपूर आणि ओढ संध्याकाळी. गावातल्या घरात दुपारी वीज लागते कितीशी? माणसं बागेत नाहीतर शेतात. दुपारची वीज बॅटरीत गेली आणि दिवेलागणीला घरातच वापरली, तर तुमच्याच यंत्रणेवरचा ताण उतरेल.

आणखी एक अडचण, ऐकायला किरकोळ वाटेल. आमच्याकडे बऱ्याच घरांचं लाइटबिल अजून आजोबांच्या नावाने येतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घर सामाईक, एक भाऊ विरारला, दुसरा बडोद्याला. अनुदान हवं तर जोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. नावबदलासाठी सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे गणपतीत सगळे एकत्र येण्याची वाट बघायची, आणि गणपतीत हा विषय काढायची कोणाची छाती होत नाही. जो घरात राहतो आणि घरपट्टी भरतो त्याला ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आणि हमीपत्रावर लाभ द्या. मालकीहक्काला धक्का नाही, असं त्याच कागदावर लिहून घ्या.

तेव्हा मागणी एवढीच : किनारपट्टीच्या तालुक्यांत, निदान 100 युनिटच्या आतल्या घरांना, साध्या इन्व्हर्टरऐवजी हायब्रीड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा) आणि छोटी बॅटरी अनुदानात बसवा. सगळ्यांना एकदम जमणार नसेल तर नळपाणी योजनेचा पंप, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा यांच्यापासून सुरुवात करा. पॅनेलची चौकट चक्रीवादळाच्या वाऱ्यात टिकेल अशी हवी आणि बसवणाऱ्याने तसं लेखी द्यावं. कौलारू छपरावर चौकट कशी बसवायची याचं प्रमाणित रेखाचित्रही ठेकेदारांना द्या. आज ते कौलं बघून “स्लॅब नाही, जमणार नाही” म्हणतात आणि गाडीत बसतात.

आदेश दिवाळीनंतर निघाला तर कामं मे अखेरपर्यंत उरकतील. त्यापुढे गेला, तर पावसात छपरावर कोणी चढत नाही आणि आणखी एक पावसाळा वाया जाईल.

कळावे,
आपला,
दापोली तालुक्यातील एक वीजग्राहक